ज्याच्या हातात मोडलं

आमच्याकडं एक रीत आहे. वस्तू ज्याच्या हातात मोडली, त्यानंच ती मोडली. घागर फुटली तर डोक्यावर घेणारीनं फोडली. फाळ तुटला तर रुमणं धरणाऱ्यानं तोडला. घागरीला आधीच चीर होती का, फाळ आधीच झिजलेला होता का, हे कुणी विचारत नाही. विचारायला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर विचारणं परवडत नाही. कारण विचारत गेलं तर बोट फिरत फिरत आपल्याच दाराशी येतं.

मीही विचारलं नव्हतं. एका जीपच्या मागच्या एक्सलनं मला विचारायला लावलं, त्याची ही गोष्ट. तीस वर्षं झाली. एक्सलचा तुटका तुकडा अजून माझ्या घरात आहे.

मी पाटण तालुक्यातला, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वरच्या वाडीतला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर आमच्या वाडीत पहिल्यांदा जीप आली, ती मी सात वर्षांचा असताना पाहिली. पडक्या भिंती मोजायला साहेब आले होते. जिथं बैलगाडी चढताना बैलांच्या तोंडाला फेस यायचा, तिथून ती गाडी गुरगुरत वर आली. आम्ही पोरं तिच्या मागं धावलो. ही गाडी मुळात अमेरिकेत लढाईसाठी तयार झाली आणि १९४७ सालापासून आपल्या मुंबईत जोडायला लागले, हे पुढं वाचनात आलं. तेव्हा एवढंच कळलं होतं, की रस्ता नसला तरी ही गाडी जाते.

१९७६ साली दहावी झाली आणि मी शेतीला लागलो. भाताची दीड एकर, बाकी वरकस. १९९१ साली थोडं कर्ज काढून, थोडं बायकोचं मोडून एक जुनी डिझेल जीप घेतली आणि वडाप सुरू केलं. वाडीपासून पाटण चोवीस किलोमीटर. त्यातली निम्मी वाट मातीची आणि मध्ये दोन ओढे. एस.टी. खालच्या फाट्यापर्यंतच यायची. गाडीच्या कागदावर ड्रायव्हर धरून दहा माणसं. बाजाराच्या दिवशी मी अठरा भरायचो. दोघं मागच्या पायरीवर लोंबकळायची, टपावर भाताची पोती. हे कायद्यात बसत नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण वाडीची सोय होत होती आणि माझे हप्ते फिटत होते. माणूस दोन कारणं एका पिशवीत घालतो आणि लोकांना वरचं दाखवतो.

गाडीवर ड्रायव्हर होता तो वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यातला. बावीस-तेवीस वर्षांचा. नाव लिहीत नाही, कारण मी त्याला विचारलेलं नाही. महिना नऊशे रुपये पगार आणि रोजचा भत्ता. मला आण्णा म्हणायचा. गाडीला स्वतःच्या म्हशीगत जपायचा. ओढा आला की आधी थांबून फोर व्हील लावायचा, लिव्हर लोमध्ये टाकायचा, मगच उतरायचा. मी त्याला त्यावरून बोलायचो. "एवढ्याशा ओढ्याला फोर व्हील कशाला रं? डिझेल काय फुकट येतं व्हय?" तो हसायचा आणि लावायचाच.

१९९४ चा श्रावण. मी भात भांगलत होतो. एक पोरगं चिखलातून पळत आलं. "तात्या, वड्याच्या चढाला गाडीचं चाक निघालं!"

मी गेलो तसा भिजलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. गाडी चढाच्या मध्यावर डाव्या बाजूवर बसली होती. मागचं डावं चाक ड्रम आणि हबासकट निसटून खाली ओढ्यात जाऊन पडलं होतं. डाव्या अंगाला दोन पुरुष खोल घळ. गाडीची कड आणि घळीची कड यांच्यात हातभर जागा. पुढच्या चाकांमागं धोंडे लावलेले. माणसं वरच्या अंगाला दरडीला टेकून बसली होती. कुणी रडत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं.

मी पहिलं काय बोललो ते मला शब्दाला शब्द आठवतं. म्हणालो, "मोडलीस का गाडी?"

तो म्हणाला, "आण्णा, माणसं बरी हायती सगळी."

त्याचं वाक्य त्या दिवशी माझ्या कानात शिरलंच नाही.

नंतर त्यानं सांगितलं ते असं. चढावर कट्‌ आवाज झाला, गाडी मागून खचली. त्यानं ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला गेला. ते बरोबरच होतं. ड्रमच निघून गेल्यावर ब्रेकचं तेल वाहून जाणार, आणि एका चाकाचं गेलं की त्या गाडीत चारही चाकांचं जातं. हँडब्रेक या गाडीला चाकांवर नसतो, मधल्या शाफ्टवर असतो. मागचा एक्सल तुटला की मागच्या चाकांपुरता त्याचा उपयोग शून्य. फोर व्हील लावलेलं असेल तरच तो पुढच्या चाकांना धरतो. ते लावलेलं होतं, ज्यावरून मी त्याला बोलायचो तेच. त्यानं इंजिन गिअरमध्येच बंद केलं, हँडब्रेक ओढला. गाडी थोडी मागं घसरली आणि थांबली. मग एकेकाला वरच्या अंगानं उतरवलं आणि स्वतः शेवटी उतरला.

हे सगळं ऐकून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "क्लच झटक्यात सोडला असशील. नाहीतर एक्सल तुटतोय कशाला? खर्च तुझ्या पगारातनं कापणार." तो गप्प राहिला. महिन्याला तीनशे कापायचं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक्सल काढला. तो टोकाला निमुळता होतो आणि त्या निमुळत्या भागावर हब बसतो, तिथंच तुटला होता. टोकाचा तुकडा नटासकट हबात अडकून चाकाबरोबर गेला होता. दोन्ही तुकडे आणि हब पोत्यात घालून मी एस.टी.नं कराडला गेलो. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, वेल्डिंग करून लेथवर फिरवून घ्या, दीडशेत काम होईल. नवा एक्सल बावीसशेला होता, भंगारातला सातशेला. शेतकऱ्याला यातला कुठला आकडा गोड लागणार ते सांगायला नको.

लेथवाला मिस्त्री म्हातारा होता. त्यानं तुकडे रॉकेलनं पुसले आणि दारात उन्हात धरले. मला जवळ बोलावलं. "हे बघा मालक. ह्यो भाग काळा, गुळगुळीत. हितं बारीक बारीक कड्या दिसत्यात का, झाडाच्या बुंध्यात दिसत्यात तशा? ही जुनी चीर. रोज थोडी थोडी सरकत आली. आन्‌ ह्यो एवढासा चकचकीत, खरखरीत भाग, साखरंसारखा. एवढाच त्या दिशी तुटला."

मी बघितलं. काळा भाग रुपयात बारा आणे होता.

"म्हणजे माझ्या गड्यानं तोडला नाही?"

"त्येनं चार आणं तोडला. बारा आणं आधीच तुटल्याला."

मग त्यानं चीर कुठून निघाली ते दाखवलं. हब आणि एक्सल एकत्र फिरावेत म्हणून मध्ये लोखंडी चावी असते, तिच्या खाचेच्या कोपऱ्यातून. चावी चघळल्यासारखी झाली होती, हब आतून झिजला होता. "नट ढिला ऱ्हायला हुता. हब हलत ऱ्हायला, खाचंवर मार बसला, वरनं लोड. नट कुणी आवळला हुता?"

नट मी आवळला होता. आदल्या दिवाळीला त्या चाकाचं ऑईल सील गेलं होतं, नव्वद नंबर तेल ब्रेकवर येत होतं. मिस्त्रीचे शंभर रुपये वाचवायला मी घरीच खोललं. नट आवळला, पण कॉटर पिनचं भोक जुळेना. नियम असा, की भोक जुळत नसेल तर नट पुढंच आवळायचा, मागं कधी घ्यायचा नाही. त्यासाठी पान्याला पाइप लावून दोन माणसांचा जोर लागतो. मी एकटा होतो, जेवायची वेळ झाली होती. मी नट किंचित मागं घेतला, पिन घातली, हात पुसले.

आणखी एक गोष्ट तिथं दारात उभा असताना आठवली. त्या पोरानं मला दोनदा सांगितलं होतं, "आण्णा, मागनं कटकट वाजतंय." मी म्हणालो होतो, "जुनी गाडी हाय, वाजणारच."

मी मिस्त्रीला म्हटलं, जोडून द्या. त्यानं विचारलं, "गाडीत माणसं बसणार हायत का?" मी हो म्हणालो. "मग न्हाई जोडणार." त्याचं म्हणणं असं: एक्सलचं पोलाद तापवून, विझवून कडक केलेलं असतं. वेल्डिंगची धग लागली की जोडाशेजारचा भाग बिघडतो. जोड टिकतो आणि जोडाच्या बाजूला तुटतं. ट्रकला हब मागच्या हाऊसिंगवर बसलेला असतो, एक्सल नुसता फिरवायचं काम करतो. तुटला तरी चाक जागेवर राहतं. तुमच्या गाडीला एक्सल चाक फिरवतो आणि वजनही तोच पेलतो. तुटला की चाक गेलं. मी दीडशेचे तीनशे देतो म्हणालो. तो दुसऱ्या कामाला लागला.

भंगारातला घ्यावा तर तो आधी किती भार सोसून आलाय ते बाहेरून दिसत नाही. शेवटी नवा एक्सल, नवी चावी, हब, बेअरिंग, सील घेतलं. दोन शेळ्या विकल्या. बसवताना शिम घालून बेअरिंगची ढिलाई नेमकी राखली. नट पाइप लावून दोघांनी आवळला. दुसरा तोच होता, ड्रायव्हर.

आता जे सांगायचं ते सोपं नाही. कराडहून परत येताना मला सगळं कळलेलं होतं. पोराची चूक नव्हती. उलट त्यानं अठरा माणसं वाचवली होती. घरी येऊन मी त्याला बोलावलं आणि म्हणालो, "जाऊ दे. पगार कापत नाही. माफ केलं तुला."

माफ केलं. माझ्या चुकीबद्दल मी त्याला माफ केलं.

तो म्हणाला, "उपकार झालं आण्णा." वाडीत बोलबाला झाला, की मालक दिलदार आहे. मी तो बोलबाला ऐकून घेतला. दिवाळीनंतर तो काम सोडून गेला, ट्रकवर लागला. का सोडलं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो, की पैसे कापले नाहीत, मग नुकसान काय झालं? आता वाटतं, आरोप केला होता तेव्हा त्याला निदान मनात तरी मला शिव्या देता येत होत्या. माफी देऊन मी तेही काढून घेतलं. आरोपात चूक असते, ती सुधारता येते. खोट्या माफीत चूक कायमची त्याच्या नावावर चढते आणि वर मोठेपणा माझ्या नावावर जमा होतो.

तो तुकडा मी टाकला नाही. पेंडीच्या पोत्यावर वजन म्हणून ठेवला होता. काही वर्षांनी कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकणारा माझा भाचा सुट्टीला आला. तुकडा बघून म्हणाला, "मामा, हे तर आमच्या पुस्तकातलं चित्र आहे." त्यानं सांगितलं, १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेच्या इंजिनाचा एक्सल तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या काळी धडधाकट दिसणारे एक्सल असे अचानक का तुटतात ते कळत नव्हतं. मग व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरनं पुढं वर्षानुवर्षं एक्सल भार देऊन फिरवत ठेवले आणि दाखवून दिलं, की पोलाद एकदाच्या मोठ्या भारानंच तुटतं असं नाही. त्याहून कमी भार लाखो वेळा आला तरी तुटतं. दर फेऱ्याला वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. अर्ध्या फेऱ्यानं उलटं होतं. याला थकवा म्हणतात. मी हिशेब केला. आमच्या गाडीचं चाक किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे घेतं. पाटणच्या एका खेपेला दहा हजारांच्या वर. तेवढ्या वेळा मी त्याला वाकवत होतो, आणि दिवसाला चार खेपा.

पण भाचा पुढं म्हणाला ते जास्त लक्षात राहिलं. भार एका मर्यादेखाली ठेवला तर पोलाद फार काळ, जवळजवळ कायम टिकतं. म्हणजे थकून तुटणं हे काही पोलादाचं नशीब नव्हे. कुणीतरी मर्यादा ओलांडत असतो, रोज.

आता कुणी म्हणेल, असं मागं मागं जायचं म्हटलं तर दोष कुणाचाच राहत नाही. तुम्ही नट ढिला ठेवला, पण सील आधीच कुणीतरी वाईट बसवलं असेल. अठरा माणसं तुम्ही भरली, पण ती आपल्या पायानं येऊन बसली. रस्ता नव्हता, एस.टी. नव्हती, त्याला तुम्ही काय करणार? ही गोष्ट खोटी नाही. मीही ती स्वतःला पुष्कळदा सांगितली आहे.

पण कारण वेगळं आणि दोष वेगळा. पाऊस कारण होता, रस्ता कारण होता, पावसाला आणि रस्त्याला दोष देता येत नाही. दोष शोधताना मी आता तीन गोष्टी विचारतो. कुणाला माहीत होतं? कुणाच्या हातात थांबवणं होतं? आणि फायदा कुणाला मिळत होता? माहीत मला होतं, कटकट मला सांगितली होती. थांबवणं माझ्या हातात होतं, पान्यासकट. आणि वरच्या आठ माणसांचं भाडं माझ्या खिशात येत होतं. ड्रायव्हरच्या हातात फक्त स्टिअरिंग होतं. "आज दहाच घेतो" असं तो म्हणाला असता तर मी दुसरा ड्रायव्हर बघितला असता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. वस्तू ज्याच्या हातात मोडते तो बहुतेक वेळा सगळ्यात कमी अधिकाराचा माणूस असतो. कारण भार ठरवणारा माणूस भार वाहायला जात नाही.

सालगड्याच्या हातात बैल बसतो, सुनेच्या हातात घागर फुटते, कारकुनाच्या सहीत घोटाळा सापडतो. ते सगळे निर्दोष असतात असं मी म्हणत नाही. चार आणे त्यांचेही असतील. पण बारा आण्यांचा हिशेब मागायचा तर तुकडा उन्हात धरावा लागतो.

२००९ साली मला कळलं, की त्याच्या पोरीचं लग्न आहे. आमंत्रण नव्हतं. मी गेलो. जेवणं झाल्यावर माणसं मांडवात बसली होती, आमच्या वाडीचीही चार-सहा होती. मी उभा राहून सांगितलं, की १९९४ साली ओढ्यात गाडी मोडली ती याच्या चुकीनं नाही, माझ्या चुकीनं. नट मी ढिला ठेवला होता. यानं माणसं वाचवली आणि मी त्याच्यावर ढकललं. आरोप चारचौघांत केला होता, तो मागं घ्यायचा तर चारचौघांतच घ्यायला पाहिजे, एवढं मला तोपर्यंत कळलं होतं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "मला म्हाईत हुतं, आण्णा."

"काय माहीत होतं?"

"त्याच दिशी वड्यातनं चाक म्याच वर आणलं की. नटाकडं बघितलं. हबावर हालल्याचा डाग पडल्याला, पिन झिजल्याली. गेल्या दिवाळीला तुमीच खोललं हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी इच्यारलं न्हाई."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. निदान मला दिसला नाही. मग त्यानं पोरीला हाक मारली, माझ्या पाया पडायला लावलं. मला ते घेववेना, पण नको म्हणणंही बरं दिसेना. पंधरा वर्षं त्यानं "उपकार झालं" हे माहीत असून म्हटलेलं होतं, हे मला त्या मांडवात कळलं.

मी तिथं गेलो ते त्याच्यासाठी की माझी झोप नीट व्हावी म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. त्याच्या पोरीच्या लग्नाच्या दिवशीच सांगायला नको होतं, असं बायको म्हणाली. तिचंही खरं असेल. उशिरा दिलेल्या गोष्टीला चांगला मुहूर्त कुठला असणार? पण मांडवातल्या आमच्या वाडीच्या एका म्हातारीनं, जी त्या दिवशी गाडीत होती, त्याला जवळ बोलावून त्याच्या तोंडावरून हात फिरवला. पंधरा वर्षांत हे तिला करता आलं नव्हतं, कारण तिच्या लेखी गाडी मोडणारा तोच होता. तेवढं तरी झालं.

जीप २००२ सालीच विकली. घेणाऱ्याला मागचं चाक काढून दाखवलं, डावा एक्सल कधी बदलला आणि उजवा किती जुना आहे तेही सांगितलं. त्यानं त्यापायी दोन हजार कमी केले.

तुकडा अजून आहे. काळा भाग आता सगळाच गंजलाय, जुनं कुठलं आणि त्या दिवशीचं कुठलं ते ओळखू येत नाही. म्हणून लिहून ठेवलं.